फ्लॉवरच्या अंगात सापडलेल्या खाकी कोटांबाबत

नाव : मास्तरांची सून. (पूर्ण नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. गल्लीत ते कोणालाच ठाऊक नसल्याने इथे उपयोगाचे नाही, असे साक्षीदार म्हणतात.)
वय : चौतीस वर्षे.
धंदा : घरकाम, शिलाईच्या दुकानातले गिऱ्हाईक सांभाळणे आणि मागच्या अंगणात भाजी पिकवणे.
राहणार : गल्लीच्या टोकाला, बेकरीसमोर, दुकानामागच्या दोन खोल्यांत.

मी वर लिहिलेली बाई, पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मास्तर म्हणजे माझे सासरे सकाळपासून इथल्या बाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांच्या अंगात नुसता सदरा आहे. ऊन आहे तोवर त्यांना घरी न्यायचे, एवढ्यासाठी मी आले आहे आणि पुढचे सगळे त्यासाठीच सांगते आहे. हवालदार म्हणाले, "वहिनी, जबाब असा सुरू होत नाही. आधी हकीकत, मग विनंती." मी म्हटले, विनंती कोण करतंय? तेव्हा त्यांनी आहे तसे लिहून घेतले.

आमच्या घरात मी, माझा नवरा आणि सासरे असे तिघे. नवरा मालाच्या ट्रकवर असतो, त्यामुळे दोघेच म्हटले तरी चालेल. सासऱ्यांचे शिलाईचे दुकान गल्लीत सगळ्यांत जुने. हल्ली कपडे शिवून घेणारे राहिले नाहीत. म्हणून मागच्या वर्षी मी नवऱ्याकरवी तयार शर्टांचे एक गाठोडे आणवले आणि ते शर्ट दुकानाच्या दारात टांगले. सासऱ्यांनी एका शर्टाची बाही उलटी केली, आतली शिवण पाहिली, बाही परत सुलटी केली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले.

हा अबोला साधा नाही. ते मशीनशी बोलतात. "मशीनबाई, आज भाजीत मीठ नाही." "मशीनबाई, दारात गिऱ्हाईक उभं आहे, घरात कोणाला दिसत असेल तर बघा म्हणावं." मीही मग मशीनलाच उत्तर देते. "मशीनबाई, मीठ ताटात वाढलंय, डोळे उघडले तर सापडेल." लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. आमच्याकडे लेक नाही, म्हणून मशीन. आमच्या घरातले त्या मशीनला जेवढे माहीत आहे तेवढे माझ्या नवऱ्यालाही नसेल.

हवालदारांनी विचारले की याचा गुन्ह्याशी काय संबंध. संबंध आहे. वर्षभर आपल्याच घरात आपल्याकडे न बघता बोलणारा माणूस असला की बाई वेडी होते, नाहीतर अंगण खणायला घेते. मी अंगण खणायला घेतले.

दुकानामागच्या अंगणात मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या आणि गंजके पत्रे पडलेले होते. ते मी एकटीने उपसले. वाफे केले. गाजर, पालक आणि वाटाणा लावला आणि भिंतीच्या कडेने फ्लॉवरची एक सरळ रांग धरली. रांग सरळ यावी म्हणून दुकानातली सुतळी वापरली. त्यावर मास्तरांनी मशीनला काहीतरी सुनावले, ते मला नीट ऐकू आले नाही.

थंडी वाढली तशी मी रोज संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्यायला लागले, कारण ओली माती ऊब धरते. वाळक्या पानांचा धूर केला, तर शेजारच्या इस्त्रीवाल्याने त्याच्या चादरींना वास लागतो म्हणून भांडण उकरून काढले. प्लास्टिक पसरले, तर जिथे पान प्लास्टिकला टेकले तिथे ते भाजल्यासारखे झाले. पोती टाकली, तर वाऱ्याने उडून बेकरीच्या धुराड्यावर जाऊन बसली. बेकरीवाला दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या भाजीला थंडी वाजते ते खरं, पण माझ्या पावाला बारदानाचा वास मारतोय."

मग एके सकाळी सगळा वाटाणा गेला. हिव पडले होते. फुले काळी पडली होती आणि शेंग धरू लागलेले वेल उकडल्यासारखे लोंबत होते. मी अंगणातल्या नळापाशी बसून रडले. वाटाण्यासाठी रडले असे लिहावे. हवालदारांनी विचारले, "फक्त वाटाण्यासाठी?" मी म्हटले, वाटाणा पुष्कळ होता. नळाच्या बरोबर समोर दुकानाची मागची खिडकी आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर अंगणात गेले, तर रांगेतल्या पहिल्या फ्लॉवरच्या अंगात कोट होता.

कोट करड्या रंगाचा, उभ्या रेघांचा. आतून अस्तर. पाठीवर हूक, म्हणजे पाने न दुखावता घालता-काढता यावा. कॉलर गड्ड्याच्या खाली पानांभोवती बसलेली आणि वर गड्ड्याला त्याच कापडाची टोपी. मी पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले. आत जाऊन मशीनला विचारले, "मशीनबाई, हा काय प्रकार?" मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता मशीनला सांगितले, "पोतं टाकलं म्हणजे पांघरूण झालं असं काही जणांना वाटतं. अंगाबरोबर बसलं नाही की वारा आत शिरतो. एवढीही अक्कल नसेल तर वाटाणा मरेलच." मला राग आला. रागाबरोबर आणखीही काही वाटले, ते लिहू नये.

त्यानंतर मास्तर रोज एकेका फ्लॉवरचा कोट शिवू लागले. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी माप, मग कच्चे टाके, मग ट्रायल, मग पक्की शिलाई. ही पद्धत त्यांनी आजवर कोणासाठी मोडलेली नाही, फ्लॉवरसाठीही मोडली नाही. तोंडात टाचण्या धरून ते वाफ्यात उकिडवे बसत आणि विचारत, "बगलेत धरतंय का?" आणि उत्तराची वाट बघत. हवालदारांनी विचारले, उत्तर मिळायचे का. मला माहीत नाही. मात्र एकदा त्यांनी "बरं" म्हणून बगल उसवलेली मी पाहिली आहे. फ्लॉवर वाढणार, म्हणून शिवणीत कापड जास्त दाबून ठेवले होते आणि अधूनमधून ते थोडे थोडे मोकळे करत होते.

माझे काम एवढेच की ऊन आले की टोप्या काढायच्या आणि ऊन गेले की घालायच्या. हे मला कोणी सांगितले नाही. टोप्या खिडकीच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेल्या असत, त्यावरून मी समजले. आम्ही दोघे मिळून काही करतो आहोत, असे या वर्षात पहिल्यांदाच झाले. याबद्दल मशीनसमोरही कोणी अवाक्षर काढले नाही.

याच सुमारास या ठाण्याच्या साहेबांनी दुकानात नव्या गणवेशाचे कापड आणून टाकले. मोठे साहेब ठाण्याच्या तपासणीला यायचे होते. आपले साहेब अंगाने सुखवस्तू असल्यामुळे त्यांनी कापड सढळ हाताने आणले होते. (हे वाक्य गाळावे असे साहेबांनी सुचवले. मी नको म्हटले.) गणवेश बेतून कापड उरले. गिऱ्हाइकाने मागितले नाही तर उरलेले कापड शिंप्याकडे राहते, ही जुनी रीत आहे. रेघांचे कापड तोवर संपले होते आणि अर्धी रांग उघडी होती. थंडी काही रंग विचारून पडत नाही. मास्तरांनी उरलेली रांग खाकीत शिवली.

खांदेपट्ट्यांबद्दल विचारले म्हणून सांगते. मीही मशीनला विचारले होते की फ्लॉवरला खांदे नाहीत तर खांदेपट्ट्या कशाला. त्यावर मास्तर म्हणाले, "खाकीला खांदेपट्टी लावली नाही तर कापड ओशाळतं." टोप्यांनाही त्यांनी समोरून थोडी चोच काढली. मुद्दाम पोलिसासारखे दिसावे असा हेतू नव्हता. त्यांनी उभ्या हयातीत खाकी कापडाचे दुसरे काही शिवलेलेच नाही, त्यामुळे कात्री हातात घेतली की हात त्याच वाटेने जातो.

हल्ली सकाळी धुके असते. भिंतीवरून डोकावणाऱ्याला धुक्यात रांगेने दबा धरून बसलेले बुटके पोलीस दिसायचे. हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसले की गल्लीतला पत्त्यांचा अड्डा आपोआप बंद झाला, इस्त्रीवाला माझ्याशी अदबीने बोलू लागला आणि बेकरीवाला रोज भिंतीवर गरम पावांची पिशवी ठेवू लागला. मी विचारले तर डोळा मिचकावून म्हणाला, "बसलेल्या मंडळींसाठी हो. बिचारे हलतसुद्धा नाहीत." मला वाटले तो फ्लॉवरना मंडळी म्हणतो आहे. मीही म्हणतेच. ते पाव आम्ही खाल्ले, ही गोष्ट मी लपवत नाही.

गल्लीतले पितळी नळ चोरीला जात होते, त्याची तक्रार याच ठाण्यात पडून आहे. परवा सकाळी मी बादली घेऊन अंगणात गेले, तर एक अनोळखी इसम फ्लॉवरच्या रांगेसमोर मांडी घालून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. शेजारी नळांनी भरलेली पिशवी. थंडीने त्याचे दात वाजत होते. मला बघून तो रडकुंडीला आला. म्हणाला, "ताई, यांना सांगा ना, मी आपणहून बसलोय. मघापासून पाया पडतोय, एक साहेब बोलायला तयार नाहीत."

मी म्हटले, "ते नाही बोलायचे. आमच्या घरात तीच पद्धत आहे."

मी त्याला चहा दिला आणि ठाण्याचा रस्ता दाखवला. तो पिशवी घेऊन एकटा चालत इथवर आला. कोणी मागून येते आहे का म्हणून सारखा वळून बघत होता, असे बेकरीवाला सांगतो. इथे त्याने सांगितले की मास्तरांच्या अंगणात दबा धरलेल्या पोलिसांनी आपल्याला पकडले. ठाण्याने तर तिथे कोणाला बसवलेच नव्हते. तेव्हा कोणी बसवले, याचा तपास सुरू झाला.

आज सकाळी साहेब, हवालदार आणि दोन शिपाई दुकानात आले. साहेबांचे येणे दुहेरी होते. एक तपासासाठी आणि दुसरे गणवेशाच्या गळ्यासाठी. मास्तरांनी काल पोचता केलेला गणवेश त्यांनी घालून पाहिला होता. बाकी सगळे अंगावर ओतल्यासारखे बसले होते, पण कॉलर गळ्याभोवती अशी उभी राहिली होती की आत आणखी एक साहेब मावले असते. उद्या तपासणी. साहेबांचा पारा चढलेला होता.

हे कसे झाले ते मला तिथल्या तिथे कळले. मास्तर फितीवर विश्वास ठेवत नाहीत. फीत ताणली की खोटे बोलते, असे ते म्हणतात. ते सुतळीने माप घेतात, तिला गाठ मारतात आणि सुतळीच्या टोकाला त्या गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधी बांधून ती खिळ्याला अडकवतात. गळ्याच्या सुतळ्यांचा खिळा वेगळा. इतकी वर्षे कधी चूक झाली नाही, कारण प्रत्येकाचे कापड निराळे. या वेळी साहेबांच्या सुतळीला खाकी चिंधी आणि फ्लॉवरच्या सुतळ्यांनाही खाकी चिंध्या, आणि सगळ्या एकाच खिळ्यावर. साहेबांची कॉलर एका फ्लॉवरच्या मापाने बेतली गेली. ट्रायल कॉलर जोडण्याआधी होते, म्हणून तेव्हा कळले नाही.

मग शिपाई अंगणात गेले. बेकरीवाल्याला आणि इस्त्रीवाल्याला पंच म्हणून उभे करून सगळे कोट आणि टोप्या जप्त केल्या. रेघांचेही घेतले. मी म्हटले, रेघांचे पोलीस कुठे असतात? त्यावर एक शिपाई म्हणाला, "साध्या वेशातले असतील." शेवटच्या फ्लॉवरचा कोट निघेना. कॉलर आवळून बसली होती, हूक हलत नव्हते. कारण उघड आहे, त्याला साहेबांचा गळा मिळाला होता. शिपायांनी दोघांनी मिळून ओढला आणि फ्लॉवर मुळासकट वर आला. तो कोट-टोपीसह मुद्देमालात धरला आहे आणि हा जबाब घेताना साहेबांच्या टेबलावर आहे. त्याच्याकडे बघून मला बोलवत नाही. त्याचे तोंड भिंतीकडे करावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली.

मास्तरांना विचारले की हे कोट कोणी शिवले. ते ताठ उभे राहून म्हणाले, "शिवण बघा, कळेल." त्यावरून त्यांना इथे आणले.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हवालदारांना विचारले की आता घेऊन जाऊ का त्यांना. हवालदारांनी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले की लोकसेवक असल्याचा बहाणा केल्याचा गुन्हा दिसतो. मी विचारले, बहाणा कोणी केला? मास्तर तर सदऱ्यावर होते. साहेब म्हणाले, "बहाणा फ्लॉवरने केला. पण फ्लॉवरला आरोपी करता येत नाही, म्हणून करवून घेणारा आरोपी. उद्या मोठे साहेब विचारतील. आजची रात्र मास्तरांना इथेच राहावं लागेल." मी म्हटले, त्यांची छाती थंडीत भरते. खिडकीला काच नाही, मी येतानाच पाहिले. साहेब म्हणाले, एक घोंगडी देऊ. मास्तरांना मापाबाहेरचे पांघरूण चालत नाही, हे साहेबांना कसे सांगायचे, मला कळेना.

तेव्हा मी पुढीलप्रमाणे जबाब बदलून देते.

सदर कोट आणि टोप्या मी शिवल्या. मास्तरांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. ते मला शिवायला शिकवतही नाहीत, कारण ते माझ्याशी बोलत नाहीत, हे वर आलेच आहे. वरच्या मजकुरात जिथे जिथे "मास्तरांनी शिवले" असे आले आहे तिथे तिथे "मी शिवले" असे वाचावे. तोंडात टाचण्या धरून वाफ्यात बसणारीही मीच. ठेवायचे तर मला ठेवा, माझ्या अंगात दोन स्वेटर आहेत.

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "वहिनी, इतकी पानं लिहिली मी." मी म्हटले, त्याला माझा इलाज नाही.

साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आपला नवा गणवेश मागवला, ठाण्याच्या कपाटातून सुई-दोरा काढायला लावला आणि पुढच्या पट्टीवर खाली, जिथे एक काज घालायचे राहिले होते, तिथे बोट ठेवून म्हणाले, "कोट तुम्ही शिवलेत ना? घाला मग काज." मी सुई घेतली. लहानपणी शाळेत एकदा पाहिले होते, तेवढ्यावर सुरुवात केली. खोलीचे दार उघडे होते. समोरच्या बाकावरून सगळे दिसते.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. मास्तर बाहेरच्या लोखंडी कपाटाला उद्देशून बोलत होते. "कपाटसाहेब, आत कोणीतरी दोरा दुहेरी घेतलाय." मी दोरा एकेरी केला. पुन्हा आवाज आला, "कपाटसाहेब, टाका आतून बाहेर यायला हवा, बाहेरून आत नव्हे." मी तसे करू गेले, तो दोरा गुंतला. मी ओढला. कापड चुरगळले. पुढचा टाका माझ्या बोटात गेला.

मास्तर बाकावरून उठले. शिपाई म्हणाला, "बसा, बसा." ते बसले नाहीत. सरळ आत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं सूनबाई, काज घालतेस की पोत्याचं तोंड शिवतेस?"

खोलीत मशीन नव्हती. कपाट बाहेर राहिले होते. ते माझ्याशीच बोलले. सर्वांनी ऐकले, साहेब, हवालदार आणि दोन्ही शिपाई याला साक्षीदार आहेत. त्यांची नावे या ठिकाणी घ्यावीत.

मी म्हटले, "बाबा, मला येत नाही."

ते म्हणाले, "ते दिसतंय. एवढी वर्षं घरात आहेस, कधी विचारलंस?"

मी म्हटले, "कोणाला विचारू, मशीनला?"

यावर ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. माझे बोट पाहिले, सदऱ्याच्या टोकाने पुसले. मग माझा हात धरून सुई फिरवून दाखवली. "अशी धर. फार आवळू नकोस, काजाला बटण यायचं असतं. हां. आता पुढचा." मला नीट दिसत नव्हते, म्हणून वेळ लागला. साहेब मध्ये काही विचारायला लागले, तर मास्तर त्यांना म्हणाले, "थांबा जरा, ती शिकते आहे."

काज पूर्ण झाल्यावर मास्तर साहेबांकडे वळले आणि म्हणाले की तेवढे एक काज सोडून गणवेशापासून फ्लॉवरच्या टोपीपर्यंत सगळे माझ्या हातचे आहे आणि हिने शिवले असे लिहून माझी अब्रू घालवू नये. गळ्याची चूकही माझीच. कॉलर तासाभरात उतरवून देतो, पण त्याला माझी मशीन लागते, आणि ती घरी आहे. उद्या मोठ्या साहेबांसमोर अशाच गळ्याने उभे राहायचे असेल तर मला खुशाल इथे ठेवा.

साहेबांनी आरशात पाहून यायला थोडा वेळ घेतला. परत आल्यावर ते म्हणाले की गुन्हा नोंदवण्याजोगा दिसत नाही, कारण नळचोराशिवाय कोणाची फसगत झाल्याची तक्रार नाही आणि नळचोराची तक्रार घ्यायची तर नळांचे काय लिहायचे हा प्रश्न येतो. मास्तरांनी घरी जावे. मी विचारले, आणि कोट? उद्या पहाटे पुन्हा हिव पडणार, आणि रांग उघडी आहे. साहेब म्हणाले की मुद्देमाल मोठ्या साहेबांच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. फार तर सांभाळण्यासाठी मालकाच्या ताब्यात देता येईल, पण जप्तीच्या वेळी होता त्याच स्थितीत ठेवण्याच्या अटीवर. हवालदारांनी पंचनामा काढून जप्तीच्या वेळची स्थिती मोठ्याने वाचली. त्यात "फ्लॉवरच्या अंगात, हूक लावलेल्या स्थितीत" असे आहे. ती अट मला मान्य आहे. टेबलावरचा फ्लॉवर तेवढा त्या स्थितीत ठेवता येणार नाही, तो ठाण्यालाच ठेवावा. कॉलर उसवून, वरचे देठ टाकून, कोवळी पानेही भाजीत घालता येतात.

आता मजकुराबद्दल. मघाशी जिथे जिथे "मी शिवले" असे वाचावे म्हटले होते तिथे तिथे पुन्हा "मास्तरांनी शिवले" असे वाचावे. हवालदारांना तसदी झाली, त्याबद्दल फ्लॉवर आल्यावर एक गड्डा पोचवीन.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला आणि शेजारी बसून मास्तरांनीही ऐकला. मी सांगितल्याबरहुकूम तो खरा आहे. मास्तरांची हरकत एकच की कपाटाला "साहेब" त्यांनी चुकून म्हटले. ती नोंदवली आहे. दोघांनी खाली सह्या केल्या.

सह्या झाल्यावर साहेबांनी गणवेश उचलून माझे काज उजेडात धरले. ते वाकडे आले आहे आणि एका बाजूला फुगले आहे. साहेबांनी मास्तरांना विचारले की कॉलरसोबत हेही उसवून नीट घालून द्याल ना. मास्तर म्हणाले, "नाही. राहू द्या. पट्ट्याखाली झाकून जाईल. पहिलं आहे तिचं."